चार महिने, एक शाल आणि एक नापास विषय

यंदाच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात आमच्या थोरल्या बंधूंच्या नातीचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार झाला. जर्मनीतील एका विद्यापीठात एक सत्र शिकून ती नुकतीच बडोद्यास परतली होती. 'परदेशी जाऊन तिने आपल्या समाजाचे नाव उज्ज्वल केले,' असे निवेदकांनी सांगितले. टाळ्या झाल्या, छायाचित्र निघाले. आमच्या मागील रांगेतील एक ज्येष्ठ सभासद शेजाऱ्यास हळूच म्हणाले, 'चार महिन्यांची सहल, दुसरे काय!' सत्कारमूर्तीस मात्र कोणी एक प्रश्नही विचारला नाही. 'धन्यवाद' म्हणून ती व्यासपीठावरून खाली उतरली.

टाळ्या वाजविणारे आणि कुजबुजणारे, दोघांवरही आमचा आक्षेप आहे.

कुजबुजणाऱ्यांस प्रथम हिशेब सांगतो; सरकारी नोकरीत जन्म गेल्याने आम्हांस हिशेबावाचून बोलता येत नाही. युरोपातील विद्यापीठांत एका सत्रास ३० श्रेयांक धरतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचा अभ्यास गृहीत असतो. म्हणजे साडेसातशे ते नऊशे तास झाले. तेथे कोणते विषय घ्यावयाचे आणि येथे ते कशाच्या बदल्यात धरावयाचे, याचा करार जाण्यापूर्वीच लेखी होतो. ही रीत आजकालची नव्हे. १९८७ साली युरोपीय देशांनी 'इरॅस्मस' योजना काढली, तेव्हा पहिल्याच वर्षी ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थी असे परक्या विद्यापीठांत गेले. पदवी घरची, मधले एक सत्र दुसऱ्याकडचे, आणि विद्यार्थी परत येणार हे ठरलेले. आपली जी मुले कायमची जातात त्यांस आपण सहलीस गेले म्हणत नाही; जो परत येतो त्याला मात्र म्हणतो. हा न्याय आम्हांस उमगलेला नाही.

आता टाळ्या वाजविणाऱ्यांकडे वळू. सत्कारापूर्वी काही दिवस नातीचे गुणपत्रक आले. त्यात १.७, २.३ असे आकडे पाहून वहिनी मटकन खालीच बसल्या. एका विषयापुढे मात्र ५.० होते. मुलगी निदान त्या विषयात तरी चमकली, असा त्यांनी निष्कर्ष काढला. जर्मनीत १ हा सर्वोत्तम गुण, ४ पर्यंत उत्तीर्ण आणि ५ म्हणजे नापास, हे कळल्यावर घरातला आनंद आणि दुःख यांची अदलाबदल झाली. पेढे आले, आणि पाठोपाठ फर्मानही निघाले : 'त्या पाचाविषयी बाहेर बोलावयाचे नाही.'

आमच्या मते त्या साऱ्या सत्रात सांगण्याजोगे जे होते, ते त्या पाचातच होते. विषय शहरनियोजनाचा. तेथे दहाचे व्याख्यान सव्वादहास सुरू होते, संपल्यावर विद्यार्थी टाळ्यांऐवजी बाकावर बोटांची पेरे आपटतात, आणि त्या वर्गात हजेरी कोणी घेत नसे. पोरीस हे स्वातंत्र्य फार आवडले. जानेवारीपर्यंत कोणी काही विचारले नाही, आणि फेब्रुवारीत एकाच परीक्षेवर सगळे गुण. प्रश्नात एका गावाचा नकाशा दिला होता : येथे नवा रस्ता कोठे काढू नये, आणि का? हिने रस्त्यांविषयी वर्गात सांगितलेले सर्व काही सुवाच्य अक्षरांत चार पाने लिहिले. उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क तेथे विद्यार्थ्यास असतो, म्हणून परतण्यापूर्वी ती जाऊन पाहून आली. शेवटच्या पानाच्या समासात पेन्सिलीने एवढेच लिहिले होते, 'आणि आपले मत?'

'काकाआजोबा, मी लिहिलेले सगळे बरोबर होते,' ती आम्हांस म्हणाली, 'पण त्यांनी ते विचारलेच नव्हते.'

छत्तीस वर्षे आम्ही टिपणे लिहिली. वरिष्ठांस काय हवे ते ओळखून लिहिली, आणि बढत्याही वेळेवर मिळाल्या. पेन्सिलीचा तो शेरा आमच्या कोणत्याही टिपणावर खुशाल मारता आला असता. हे वाक्य आमच्या नातीने त्या व्यासपीठावरून बोलावयास हवे होते. तेथे तिला नारळ धरून उभे करणे म्हणजे तिचे तोंड बंद करणे होय.

आपण कोणत्या गावी राहतो याचा विसर पडू नये. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांस कोलंबिया विद्यापीठात धाडले, ते दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षे देऊन आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार लिहून घेऊन. पाठविणाऱ्यास परत येणाऱ्याकडून काही हवे होते. करारानुसार १९१७ साली ते आले, तेव्हा या शहराने त्यांस राहावयास खोली दिली नाही. नाव लपवून पारशांच्या धर्मशाळेत उतरावे लागले, आणि तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांस बाहेर काढले. कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर कागद दुरून फेकीत. त्या कचेऱ्यांत आपल्यापैकी कित्येकांचे पणजोबा होते. शिष्यवृत्तीची गोष्ट आपण प्रत्येक जयंतीस सांगतो. कागद फेकल्याची सांगत नाही.

आमच्या नातीची त्या महापुरुषाशी तुलना करण्याचा मूर्खपणा आम्ही करीत नाही. तिच्यावर कसलाही अन्याय झालेला नाही. तिला घर आहे, माया आहे, गरजेपेक्षा अधिक पेढे आहेत. परंतु परत येणाऱ्याकडून फक्त आपल्या शोभेचे तेवढे घ्यावयाचे आणि बाकीचे ऐकावयाचेच नाही, ही आपली सवय जुनी आहे, इतकेच आमचे म्हणणे.

म्हणून कार्यकारिणीकडे आम्ही लेखी अर्ज दिला आहे. परदेशी सत्र करून आलेल्या विद्यार्थ्यांचे सत्कार बंद करावेत. त्याऐवजी मासिक सभेत प्रत्येकास एक तास द्यावा, पहिल्या अर्ध्या तासात त्याने बोलावे आणि उरलेल्यात सभासदांनी प्रश्न विचारावेत. गुणपत्रक मागू नये. काय जमले नाही ते मात्र अवश्य विचारावे. पहिल्या सभेसाठी आम्ही नातीचे नाव सुचविले आहे. तिने होकार दिला आहे, आणि हा मजकूर छापण्यासही. तिच्या आजीचा होकार अद्याप यावयाचा आहे.