लढाई कोणाची आणि पोरे कोणाची?

व्हिएतनामच्या लढाईवर अमेरिकेत पुस्तकांचे ढीग पडले आहेत. त्यांतील पुष्कळांचा सूर एकच, की हेतू चांगला होता, पण चूक झाली. लढाईच्या वेळचे युद्धमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांनीही 1995 साली पुस्तक लिहून हीच कबुली दिली. शेतकरी बांधवहो, चूक कशास म्हणावी? पाटीवर बेरीज चुकली तर पोर ती पुसते आणि पुन्हा मांडते. पण उत्तर चुकीचे आहे हे ठाऊक असून जो वर्षानुवर्षे तीच बेरीज गिरवीत बसतो, आणि तिचा दंड दुसऱ्याच्या घरातून वसूल करतो, त्यास चुकलेला म्हणणे आमच्या जिवावर येते.

आधी हा झगडा कशाचा ते पाहू. मेकाँग नदीच्या मुखाशी भाताची कसदार जमीन आहे. फ्रेंचांच्या अमलात ती मूठभर जमीनदारांच्या घशात गेली, आणि कसणारा कूळ होऊन निम्मे पीक खंडात घालू लागला. फ्रेंचांशी लढताना व्हिएतमिन्ह पक्षाने पुष्कळ गावांतून जमीनदारास हुसकले व जमीन कुळांत वाटली. 1954 च्या मे महिन्यात दिएन बिएन फू येथे फ्रेंचांचा पुरा मोड झाला. त्या लढाईचा बहुतेक खर्च अखेर अखेर अमेरिकाच भरीत होती, हे विसरू नये. जिनिव्हाच्या तहाने देशाचे तात्पुरते दोन भाग झाले आणि 1956 साली साऱ्या देशाची निवडणूक घ्यावी असे ठरले. या तहावर देखरेख करणाऱ्या मंडळाचे अध्यक्षपद आपल्या भारताकडे होते. पण राखणदाराच्या हाती काठीच नसेल तर तो काय राखणार? निवडणूक झालीच नाही.

दक्षिणेत अमेरिकेच्या पाठबळावर न्गो दिन्ह दिएम यांचे राज्य उभे राहिले, आणि त्या राज्याच्या मागोमाग जमीनदार वसुलीची वही घेऊन गावात परतला. दिएम यांनी 1956 साली जमीनसुधारणेचा कायदा केला खरा. त्यात जमीनदारास शंभर हेक्टर, म्हणजे जवळजवळ अडीचशे एकर, स्वतःकडे ठेवण्याची मुभा! ज्या कुळाने कित्येक वर्षे खंडाचा दाणा दिला नव्हता त्यास सांगण्यात आले की, आम्ही दयाळू आहोत, पिकाचा चौथा हिस्सा भरलास तरी पुरे. याला सुधारणा म्हणावे की थट्टा? वॉशिंग्टनच्या पंडितांस तेथे साम्यवाद दिसला. कुळास दिसला तो वसुलीवाला. पुढे 1962 पासून गावेच्या गावे उठवून तारेच्या कुंपणात कोंडली. शेत एकीकडे, वाडवडिलांची थडगी दुसरीकडे आणि माणूस तिसरीकडे. त्याच साली विमानांतून झाडपाला मारणारे विष फवारणे सुरू झाले, ते जंगलावर तसेच उभ्या पिकावरही. 1971 पर्यंत असे 7 कोटी लिटरांहून अधिक विष त्या मातीत मुरले. कसणाऱ्यास जमीन देण्याचा खरा कायदा सायगावच्या सरकारने अमेरिकेच्या पैशावर केला, तो 1970 साली. बैल गेला आणि झोपा केला!

आता अमेरिकेकडे वळू. 1964 च्या मे महिन्यात अध्यक्ष जॉन्सन आपल्या सल्लागाराशी दूरध्वनीवर बोलताना म्हणाले, की ही लढाई लढण्याजोगी आपणांस वाटत नाही. हे संभाषण मुद्रित झालेले आहे. आज कोणीही ऐकावे. ऑगस्टात टोंकिनच्या आखातात आपल्या जहाजांवर दोनदा हल्ला झाला असे सांगून त्यांनी लढाईचा कुलमुखत्यार अधिकार मागितला. दुसरा हल्ला झालाच नव्हता. कायदेमंडळाच्या एका सभागृहात विरोधी मत एकही पडले नाही, दुसऱ्यात अवघी दोन. 8 मार्च 1965 रोजी दानांगच्या किनाऱ्यावर पहिल्या लढाऊ तुकड्या उतरल्या. 1968 अखेर तेथे पाच लाखांवर फौज होती.

ही पाच लाख पोरे कोणाची? येथे आमच्या वाचकांनी नीट लक्ष द्यावे. अमेरिकेत तेव्हा सक्तीची भरती होती. कायदा सर्वांस सारखा, पण कॉलेजात नाव असेल त्यास सूट. ज्याच्या बापास फी परवडे त्याचे पोर पुस्तकाआड सुखरूप राही. ज्याचा बाप खाणीत, गिरणीत किंवा दुसऱ्याच्या शेतावर राबे त्याच्या पोरास टपालाने बोलावणे येई. ख्रिश्चन ॲपी या इतिहासकाराने हिशेब मांडला आहे, की साध्या शिपायांत शंभरातले सुमारे ऐंशी कामगारांच्या वा गरिबांच्या घरचे होते. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा 1966 साली याच मॅक्नमारांनी नवी युक्ती काढली. जी पोरे लष्कराच्या लेखी परीक्षेत नापास होत, त्यांच्यासाठी उत्तीर्ण होण्याची पातळीच खाली आणली, आणि वर सांगितले की फौजेत शिकून या दुबळ्यांचा उद्धार होईल! आम्ही मास्तर आहोत. नापास पोर आम्हांस नवे नाही. त्यास जवळ बसवून पुन्हा शिकवावे, हेच आम्हांस ट्रेनिंग कॉलेजात शिकविले. त्याच्या हाती बंदूक देऊन त्यास चिखलात धाडावे, ही शिक्षणपद्धती आम्हांस ठाऊक नाही. अशी तीन लाखांवर पोरे भरती झाली. त्यांत काळ्या लोकांचे प्रमाण लोकसंख्येतील त्यांच्या वाट्याच्या कित्येक पट होते. मुष्टियोद्धा महंमद अली याने 1967 साली भरतीस नकार दिला तेव्हा त्याचे जगज्जेतेपद काढून घेतले व त्यास शिक्षा ठोठावली. सर्वोच्च न्यायालयाने ती 1971 साली रद्द केली. कॉलेजातील हजारो तरुणांनीही रस्त्यावर येऊन लढाईस विरोध केला, आणि 1970 च्या मे महिन्यात केंट येथे चार विद्यार्थी गोळीबारात पडले. त्यांचे ऋण नाकारणे अन्याय होईल.

पण खुर्चीवरच्यांचे काय? 1967 साली मॅक्नमारांनी या लढाईचा गुप्त इतिहास लिहावयास लावला. सात हजार पाने झाली. सरकार लोकांस एक सांगत होते आणि आत दुसरेच बोलत होते, हे त्यात उघड होते. पुढच्या वर्षी ते पद सोडून जागतिक बँकेच्या गादीवर बसले आणि तोंडास कुलूप घातले. ती पाने जगापुढे आणली डॅनिएल एल्सबर्ग यांनी, 1971 साली, तुरुंगाची तयारी ठेवून. विद्वानांत असाही एक निघाला! आता गणित करा. 1967 अखेर सुमारे 20 हजार अमेरिकन शिपाई मेले होते. एकंदर मेले 58 हजारांवर. म्हणजे वरच्यांस कळून चुकल्यावर 38 हजार घरे उजाडली. व्हिएतनामच्या सरकारने 1995 साली आपल्याकडील आकडा सांगितला: सामान्य रयत सुमारे 20 लाख, त्यांच्या बाजूचे लढवय्ये 11 लाख. दक्षिणेचे लाखो शिपाई पडले ते वेगळेच, आणि तेही कुळांचीच पोरे.

माय लाय गावी 16 मार्च 1968 रोजी बायाबापड्या, म्हातारे व तान्ही पोरे मिळून शेकडो जीव मारले. शिक्षा एकट्या लेफ्टनंट कॅली यास. तीही जन्मठेपेची असून साडेतीन वर्षांत आटोपली, आणि त्यातला बराच काळ घरकैदेत. वरच्या सरदारांतील एकही तुरुंगात गेला नाही.

जिंकणाऱ्यांचे गोडवे गाण्यास आम्ही लेखणी उचललेली नाही. उत्तरेत 1953 ते 1956 च्या जमीनवाटपात हजारो माणसे मारली गेली आणि खुद्द त्या सरकारास चूक कबूल करावी लागली. 1975 नंतर मेकाँगकाठच्या शेतकऱ्याची जमीन सामुदायिक शेतीत ओढली; ती कसण्यासाठी पुन्हा घराघरांकडे येण्यास 1988 साल उजाडले. लाखो लोक नावांतून देश सोडून गेले.

अमेरिकेने 1973 साली पॅरिसचा तह केला, सक्तीची भरती बंद केली आणि फौज घरी नेली. 30 एप्रिल 1975 रोजी सायगाव पडले. पुढे पगारी फौजेवर त्याच देशाने अफगाणिस्तानात 2001 पासून 2021 पर्यंत वीस वर्षे लढाई चालविली. तिच्या आरंभी उपाध्यक्ष असलेले डिक चेनी यांनी स्वतः तरुणपणी व्हिएतनामच्या भरतीतून पाच वेळा सूट घेतली होती. तेथेही आतल्या कागदांत एक आणि लोकांपुढे दुसरे, असाच प्रकार चालला होता, हे 2019 साली वर्तमानपत्रांतून बाहेर आले.

शेवटी एक हिशेब सांगतो. आमच्या वाचकांस तो चटकन समजेल. 1973 साली अध्यक्ष निक्सन यांनी उत्तर व्हिएतनामच्या पंतप्रधानांस पत्र लिहून, मोडलेला देश बांधण्यासाठी सुमारे सव्वातीन अब्ज डॉलरांची मदत देऊ केली होती. त्यातला एक डॉलरही गेला नाही. सायगावच्या बुडालेल्या सरकारने मात्र अमेरिकेकडून कर्ज काढले होते. व्यापाराची दारे उघडावीत म्हणून व्हिएतनामने 1997 साली ते कर्ज, सुमारे साडेचौदा कोटी डॉलर, आपल्या अंगावर घेतले, आणि हप्त्यांनी फेडण्याचा कागद लिहून दिला.