खापर कोणाच्या माथी?

‘आमचा डाव बरोबर होता, दैव आडवे आले.’ पत्त्यांत हरलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की, त्याची उलटतपासणी घेतल्यावाचून आता राहवत नाही. ऑनलाइन पोकरच्या भक्तांनी या तक्रारीला ‘बॅड बीट’ असे भारदस्त नाव दिले आहे. पैसे लावताना आपली पाने सरस होती, पण शेवटचे पान उघडले आणि दुबळ्या पानांचा प्रतिस्पर्धी जिंकला, म्हणजे बॅड बीट. एवढे नाव उच्चारले की हरणारा स्वतःच्या दरबारी निर्दोष सुटतो. आमचे म्हणणे असे की, हे वाक्य पुष्कळदा खरे असते आणि म्हणूनच ते घातक आहे. खोट्या सबबीचा माणसाला केव्हा तरी वीट येतो. खऱ्या सबबीच्या आधाराने तो घर विकेपर्यंत जाऊ शकतो.

प्रथम त्यातील खरेपणा पाहू. एकाच्या हाती दोन एक्के आणि दुसऱ्याच्या हाती दोन राजे असताना, पटावरचे एकही पान उघडण्यापूर्वी दोघांनी सर्वस्व लावले, तर एक्केवाला शंभरात सुमारे ८२ वेळा जिंकतो. उरलेल्या वेळी त्याला आकाश कोसळल्यासारखे वाटते. परंतु असा प्रसंग पाच वेळा आला, तर त्यांत निदान एकदा हार पत्करावी लागण्याचा संभव शंभरात ६३ आहे! म्हणजे ज्याला तो दैवाचा कोप म्हणतो, ते त्या खेळाच्या घटनेतील एक साधे कलम आहे. बसताना ते कलम मान्य करून सही ठोकायची आणि त्याचा अंमल झाला की अन्याय म्हणून ओरडायचे, हा कोठला न्याय?

यावर कोणी म्हणेल, ‘तर मग सारा दैवाचाच खेळ म्हणा.’ तसे म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही. २०१७ च्या जानेवारीत अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ या संगणकीय खेळाडूने चार नामांकित व्यावसायिकांशी १,२०,००० डाव खेळून चौघांनाही हरवले. केवळ दैवावर हे घडत नाही. कौशल्य आहे, पण ते हजारो डावांच्या बेरजेत दिसते, एका रात्रीत दिसत नाही. शिवाय एक्के हरल्यावर त्या यंत्राला राग येत नव्हता आणि मागच्या डावाची वसुली म्हणून ते पुढचा डाव खेळत नव्हते. माणसाचा घात नेमका येथे होतो. अवचित हार जेवढे नेते, त्याहून अधिक बहुधा तिच्यामागून येणारा अर्धा तास नेतो.

२०२५ चा कायदा येण्यापूर्वीची गोष्ट. आमच्याच देवस्थानचे एक महाजन आपल्या पदवीधर मुलाला घेऊन आमच्या कचेरीत आले. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या त्यांच्या रकमेतला मोठा भाग मुलाने या खेळात घालवला होता. मुलाजवळ एक वही होती. तीत त्याने एकतीस डाव तारीखवार लिहून आणले होते; एकतीसही बॅड बीट! खेळवणाऱ्यांवर दावा लावता येईल काय, असा त्याचा प्रश्न होता. आम्ही विचारले, ‘अरे, तुझी पाने दुबळी असताना शेवटच्या पानाने तुला तारले, ते डाव कोठे आहेत?’ मुलगा गप्प राहिला. ते त्याने लिहिलेच नव्हते. ‘आणि प्रत्येक हारीनंतर पुढचा तासभर काय खेळलास, ते?’ वडिलांनी हात पुढे करून वही मिटली. फिर्यादीने आपल्या सोयीचे साक्षीदार तेवढे हजर केले होते आणि उरलेले स्वतःपासूनही दडवून ठेवले होते.

थोड्या वेळाने तो म्हणाला, ‘पण काका, माझी टेबल इमेज चांगली होती.’ टेबल इमेज म्हणजे आपल्या खेळाविषयी इतरांचे बनलेले मत. जो क्वचित पैसे लावतो, त्याच्या मोठ्या बोलीला इतर भितात. जो ऊठसूट लावतो, त्याच्या बोलीवर कोणी विश्वास ठेवत नाही. प्रत्यक्ष बैठकीत या प्रतिमेला निश्चित मोल आहे. ऑनलाइन पटावर मात्र चेहरा नाही, हाताचा कंप नाही. समोरचा कित्येकदा एकाच वेळी चार पट उघडून बसलेला असतो आणि आपले नावही त्याच्या ध्यानात नसते. ज्याला खरोखर रस असतो, त्याच्यापाशी आपल्या वर्तनाचे आकडे असतात: शंभरात किती डावांत पैसे घातले, किती वेळा बोली वाढवली. तोल सुटलेला खेळाडू प्रत्येक डावात उडी घेतो, चॅटमध्ये प्रतिस्पर्ध्याला शिव्या लिहितो, आणि तरीही समजत असतो की, दोन तासांपूर्वीची आपली सावध मूर्ती लोकांच्या डोळ्यांपुढे उभी आहे. वस्तुतः आपल्या घराचे दार उघडे आहे अशी दवंडी त्याने स्वतःच पिटलेली असते.

विलाप आणि हिशेब यांतला भेद एका प्रसिद्ध प्रकरणात स्पष्ट झाला आहे. २००७ साली ‘अॅब्सोल्यूट पोकर’ या संकेतस्थळावर एक खेळाडू विचित्र बोली करून सतत जिंकू लागला. खेळाडूंनी झालेल्या डावांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्याला इतरांची झाकलेली पाने दिसत होती असे उघड झाले; लबाडी आतल्याच माणसाची होती. हरलेले सारेच ‘दैव फिरले’ म्हणून कपाळ बडवत बसते, तर हे बाहेर आले असते काय? लबाडी पकडली ती पूर्ण नोंदींनी. आणि स्वतःची मूर्खता पकडायची झाली तरी साधन तेच आहे.

आता कायद्याचे. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमीला मुख्यत्वे कौशल्याचा खेळ मानले, तो निकाल या व्यवसायाने ढालीसारखा मिरवला. परंतु त्याच निकालात असेही सुचवले होते की, पैसे लावून चाललेल्या खेळातून जागेचा मालक नफा काढत असेल, तर गुन्हा शाबीत होऊ शकतो. हा भाग जाहिरातींत कधी आला नाही. ऑनलाइन पोकर चालतो तो याच नफ्यावर. जिंकलेल्या रकमेतून खेळवणारा आपला वाटा कापतो. आपल्याकडचे जुगारी त्याला ‘नाल’ म्हणत. तुल्यबळ खेळाडू वर्षभर खेळत राहिले, तर दैव कोणाचाच पक्षपात न करताही सारे थोडे थोडे हरतात, आणि नाल घेणारा तेवढा जिंकतो. पुढे गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ साली पोकरला जुगार ठरवले, तर कर्नाटकाने २०२१ साली केलेली बंदीची दुरुस्ती तेथील उच्च न्यायालयाने २०२२ साली रद्द केली. वडोदऱ्याचा वाचक एका न्यायाखाली, बेळगावचा दुसऱ्या. २०२५ साली संसदेने कौशल्य की दैव हा वादच बाजूला ठेवून पैशांच्या ऑनलाइन खेळांना बंदी केली. शिक्षा ठेवली ती खेळवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला, खेळणाऱ्याला नव्हे. आम्हांस हे योग्य वाटते. पण कायदा दुकान बंद करतो. खेळणाऱ्याच्या मनातली सबब बंद करणे त्याच्या हाती नाही.

ती सबब अलीकडे भगवी वस्त्रे नेसून येऊ लागली आहे. निर्णय आपला, फळ आपले नव्हे, असे हा खेळ शिकवतो. तेव्हा ही गीतेचीच शिकवण, असे एका सुशिक्षित गृहस्थांनी आम्हांस ऐकवले. फळाची आसक्ती सोडण्यापूर्वी ते कर्म आपले कर्तव्य आहे काय, हा प्रश्न गीतेत पहिला आहे, याचा त्यांना विसर पडला. पुराणाचाच दाखला हवा असेल तर युधिष्ठिराचा घ्यावा. द्रौपदीला मिळालेल्या वरांमुळे दास्यातून सुटका झाली आणि पाठोपाठ हरलेले राज्यही परत मिळाले, तरी बोलावणे येताच तो पुन्हा पटावर बसला; वनवास त्या दुसऱ्या बैठकीने दिला. उलट नल राजा अक्षविद्या शिकला, एक डाव खेळून राज्य परत घेतले, आणि उठला. कौशल्याचा अभिमान सांगणाऱ्या किती जणांना हे उठणे साधले आहे?

आमचेही हात स्वच्छ नाहीत. मांडवीतल्या कॅसिनोंवर आम्ही तावातावाने बोलतो आणि जत्रेच्या रात्री देवळामागे मांडलेल्या पटांकडे पाठ फिरवतो. आपल्या डोळ्यांआड ठेवलेल्या जुगाराची नोंद वहीत न घेणारे आम्ही, त्या मुलाला कोणत्या तोंडाने दोष द्यावा?

त्या मुलाला आम्ही सर्व डावांचा पूर्ण तपशील मागवून घ्यायला लावले. तीन आठवड्यांनी तो एकटाच आला. त्या एकतीस डावांत गेलेला पैसा एकूण नुकसानीच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी भरला होता. उरलेला त्याने रागाच्या भरात, स्वतःच्या हाताने घातला होता. ‘दावा लावायचा नाही, काका,’ तो म्हणाला. ती बेरीज त्याने स्वतःच्या अक्षरांत लिहून वडिलांपुढे ठेवली. त्या घरात त्याची जी काही प्रतिमा पुन्हा उभी राहील, ती त्या कागदापासून राहील.