चाकांवरच्या घराची मैला-टाकी : तंजावरच्या वाटेवरील अनुत्तरित प्रश्न

भाड्याने मिळणाऱ्या कॅराव्हॅनमधून, म्हणजेच झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असलेल्या मोटारीतून, देशदर्शन करण्याची कल्पना गेल्या काही वर्षांत भारतात रुजू लागली आहे. महाराष्ट्र आणि केरळ या राज्यांनी 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. तामिळनाडूच्या 2023 च्या पर्यटन धोरणातही या प्रकाराला स्थान देण्यात आले. सवलती, नोंदणी, वाहनतळ आणि निसर्गरम्य ठिकाणे यांची चर्चा त्यानिमित्ताने बरीच झाली. मात्र वाहनातील शौचालयाची टाकी भरल्यावर ती कोठे, कशी आणि कोणी रिकामी करावयाची, हा प्रश्न त्या मानाने मागे पडला. प्रश्न क्षुल्लक वाटला तरी या पर्यटनाचे यशापयश बऱ्याच अंशी त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

तंजावरचे उदाहरण

मराठी पर्यटकांच्या दृष्टीने तंजावर हे या प्रश्नाचे बोलके उदाहरण ठरते. व्यंकोजीराजांपासून 1855 पर्यंत येथे भोसले घराण्याची सत्ता होती. राजराज चोळाने उभारलेल्या आणि 1010 मध्ये पूर्ण झालेल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास सांगणारा प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. त्यामुळे रामेश्वर, मदुराई आणि कन्याकुमारीच्या यात्रेला निघालेला मराठी प्रवासी तंजावरला हमखास थांबतो. पुण्याहून हे अंतर सुमारे 1,200 किलोमीटर आहे. म्हणजे दोन-तीन दिवसांचा प्रवास आणि वाटेत एक-दोन मुक्काम ठरलेले.

नेमक्या याच टप्प्यावर वाहनातील टाकी भरते. आणि ती भरते तेव्हा वाहन उभे असते ते कावेरीच्या खोऱ्यात. जागतिक वारशाच्या यादीत 1987 मध्ये समाविष्ट झालेल्या मंदिराभोवती खंदक आहे, जवळून कल्लणै कालवा वाहतो आणि शहराबाहेर पडताच भातखाचरे सुरू होतात. तामिळनाडू शासनाने 2020 मध्ये या त्रिभुज प्रदेशाला संरक्षित विशेष कृषी क्षेत्राचा दर्जा दिला. मेट्टूर धरणाचे पाणी परंपरेने 12 जूनच्या सुमारास सोडले जाते. उन्हाळ्यात, म्हणजे नेमक्या सुट्टीच्या हंगामात, येथील अनेक चाऱ्या कोरड्या असतात. त्यांत ओतलेली घाण वाहून जात नाही. ती तेथेच साचते आणि पाणी आले की शेतापर्यंत आणि तळ्यापर्यंत पोहोचते. पटकी, विषमज्वर, कावीळ आणि जंत यांचा प्रसार अशाच मार्गाने होतो.

तीन टाक्यांचे गणित

कॅराव्हॅनमध्ये सामान्यतः तीन टाक्या असतात. पहिली स्वच्छ पाण्याची, दुसरी आंघोळीच्या व भांडी धुण्याच्या सांडपाण्याची आणि तिसरी शौचालयाच्या मैलापाण्याची. लहान वाहनांत तिसऱ्या टाकीऐवजी बाहेर काढून नेता येणारा, साधारण 20 लिटरचा मैलापेटीचा डबा असतो.

ही रचना मुख्यतः पाश्चात्त्य देशांत विकसित झाली. तेथे शौचानंतर कागद वापरला जातो आणि एका वेळी अत्यल्प पाणी सोडले जाते. भारतीय वापर पाण्याचा आहे. एका वेळी दोन लिटर पाणी जाते असे धरले आणि चौघांच्या कुटुंबाने दिवसाकाठी प्रत्येकी सहा वेळा शौचालय वापरले, तर रोज 48 लिटर मैलापाणी तयार होते. शंभर लिटरची टाकी त्या हिशेबाने दोन दिवसांत भरते. डब्याची व्यवस्था असेल तर तो दिवसातून दोनदा रिकामा करावा लागतो. परदेशी माहितीपुस्तिकेत लिहिलेला चार-पाच दिवसांचा कालावधी येथे लागू पडत नाही. भाड्याने वाहन घेणाऱ्या कुटुंबाची पहिली फसगत येथेच होते.

टाकी हाताळण्याचे काही नियम जगभर सारखे आहेत. मैला-टाकीची झडप प्रवासात बंदच ठेवावी लागते. ती उघडी राहिली, तर द्रव निघून जातो आणि घन मैल्याचा ढीग तळाशी घट्ट बसतो. टाकी दोनतृतीयांश भरल्यावर रिकामी करणे उत्तम, कारण पुरेशा द्रवाच्या रेट्याने मैला सहज बाहेर पडतो. आधी मैला-टाकी आणि नंतर सांडपाण्याची टाकी सोडावी, म्हणजे त्याच पाण्याने पाइप धुतला जातो. पिण्याचे पाणी भरण्याची नळी आणि मैल्याचा पाइप कधीही एकत्र ठेवू नयेत. दुर्गंधी घालवण्यासाठी विरंजक द्रव ओतणे धोक्याचे असते. मूत्रातील अमोनियाशी त्याचा संयोग होऊन विषारी वायू तयार होतात. फॉर्मल्डिहाइडयुक्त रसायने टाकीतील वास दाबतात खरी, परंतु ती ज्या सेप्टिक टँकमध्ये जातात तेथील उपयुक्त जिवाणूही मारतात.

ओतायचे कोठे?

येथपर्यंतचे सारे प्रवाशाच्या हाती आहे. खरी अडचण त्यापुढे सुरू होते. पेट्रोल पंप, उपाहारगृह किंवा मंदिराच्या वाहनतळावरील शौचालये एकेका माणसाच्या वापरासाठी बांधलेली असतात. शंभर लिटर मैलापाणी एकदम तेथे ओतले, तर लहान सेप्टिक टँकचे काम बिघडते. घरगुती सांडपाण्यात मैला भरपूर पाण्यात मिसळलेला असतो. कॅराव्हॅनमधील मैलापाणी त्याच्या कितीतरी पट दाट असते. मोठ्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्राला मात्र ते सहज पेलते, कारण तेथे येणाऱ्या प्रवाहात ते विरघळून जाते.

योग्य जागा अर्थातच शुद्धीकरण केंद्र ही आहे आणि या बाबतीत तामिळनाडूची तयारी इतर अनेक राज्यांपेक्षा पुढची आहे. सेप्टिक टँकमधील मैल्याच्या व्यवस्थापनासाठी राज्याने 2014 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. टँकरने उपसलेला मैला जवळच्या शुद्धीकरण केंद्रावरच रिकामा करावा, असे त्यांचे सूत्र होते. 2015 पासून तिरुच्चिराप्पल्ली आणि कोइम्बतूर परिसरात नागरी स्वच्छतेचा पथदर्शी कार्यक्रम राबवण्यात आला. तिरुच्चिराप्पल्लीत टँकर रिकामे करण्यासाठी मैलापाणी उपसा केंद्रांचा उपयोग केला जातो. हे शहर तंजावरपासून साठ किलोमीटरच्या आत आहे. पुढे 2022 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून मैला वाहून नेणाऱ्या वाहनांना परवाना बंधनकारक करण्यात आला. केंद्र सरकारचे यासंबंधीचे राष्ट्रीय धोरण 2017 चे आहे.

तथापि ही सारी व्यवस्था घरांच्या सेप्टिक टँकसाठी आखलेली आहे. मैला उपसणारे टँकर साधारणतः तीन ते सहा हजार लिटर क्षमतेचे असतात आणि त्यांचा दर खेपेवर ठरतो. शंभर लिटरसाठी पूर्ण खेपेचे पैसे मोजण्यास कोणताही पर्यटक सहजासहजी तयार होणार नाही. शुद्धीकरण केंद्राच्या फाटकाशी पोहोचलेल्या पर्यटकाकडे मैला-वाहतुकीचा परवाना असण्याचे कारण नाही. याचा अर्थ असा की यंत्रणा आहे, पण तिच्यात या लहान ग्राहकासाठी खिडकी ठेवलेली नाही.

भाडेकरूची जबाबदारी किती?

वाहन स्वतःचे असेल तर मालकाला टाकीची काळजी असते. भाड्याच्या वाहनात परिस्थिती बदलते. टाकी भरलेली परत केल्यास सफाईचे शुल्क द्यावे लागते, रिकामी केल्यास लागत नाही. टाकी कोठे रिकामी केली हे मात्र कोणी विचारत नाही. अशा करारात रात्रीच्या वेळी आडवाटेला झडप उघडणे हाच सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो. वाहनासोबत चालक असेल, तर हे काम त्याच्यावर ढकलले जाते आणि प्रवाशांना त्याचा पत्ताही लागत नाही.

अमेरिकेतील शिकागो येथे 8 ऑगस्ट 2004 रोजी घडलेली घटना या संदर्भात आजही सांगितली जाते. एका प्रसिद्ध संगीतवृंदाच्या दौऱ्यातील बस नदीवरील जाळीदार पुलावरून जात असताना चालकाने शौचालयाची टाकी सोडून दिली. सुमारे 360 किलो मैला पुलाखालून जाणाऱ्या पर्यटक बोटीतील प्रवाशांच्या अंगावर पडला. चालकाने पुढे न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि संगीतवृंदालाही आर्थिक भरपाई द्यावी लागली. ती टाकी पुलावर सोडली गेली नसती आणि खाली बोट नसती, तर त्या प्रकाराची नोंदही झाली नसती. अनेक ठिकाणी नेमके हेच होते.

भारतात जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा 1974 पासून अस्तित्वात आहे आणि नदीनाल्यांत प्रदूषक द्रव्य सोडण्यास त्याने मनाई केली आहे. पण धावत्या वाहनावर पाळत ठेवणे कठीण असते. न्यूझीलंडने यावर वेगळा मार्ग काढला. जून 2023 पासून तेथे लागू झालेल्या कायद्यानुसार स्वयंपूर्ण वाहन म्हणून प्रमाणपत्र मिळवण्यासाठी वाहनात कायमस्वरूपी बसवलेले शौचालय आवश्यक ठरले. राहणाऱ्यांचे किमान तीन दिवसांचे पाणी आणि मैला सामावण्याची क्षमता हा तेथील जुनाच निकष आहे. त्याचबरोबर तेथील गावोगावी टाकी रिकामी करण्याची सार्वजनिक केंद्रे आहेत. सक्ती आणि सोय एकत्र आल्या, हे त्या धोरणाचे वैशिष्ट्य होय.

रेल्वेचा धडा

फिरत्या शौचालयाचा सर्वांत मोठा अनुभव भारतात रेल्वेकडे आहे. डब्यांतील मैला थेट रुळांवर पडण्याची पद्धत दीर्घकाळ चालली. संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेली जैवशौचालये 2011 पासून गाड्यांत बसवण्यास सुरुवात झाली आणि 2019 पर्यंत जवळपास सर्व प्रवासी डब्यांत ती बसली. तरीही महालेखापरीक्षकांच्या 2017 मधील अहवालात, 2016-17 या वर्षी सुमारे 25 हजार जैवशौचालयांत जवळपास दोन लाख दोष आढळल्याची नोंद झाली. त्यांतील निम्म्याहून अधिक प्रकार तुंबण्याचे होते. बाटल्या, कापड आणि प्लॅस्टिक शौचालयात टाकण्याची सवय आणि देखभालीतील ढिलाई यांचा तो परिणाम होता. केवळ यंत्र बसवून प्रश्न सुटत नाही. वापरणाऱ्याला माहिती आणि देखभाल करणाऱ्याला साधने द्यावी लागतात, हे त्यातून स्पष्ट झाले.

महाराष्ट्रातही शिकण्यासारखी उदाहरणे आहेत. पंढरीच्या वारीत फिरती शौचालये पालखीमार्गावर उभी करण्याचा उपक्रम राबवला जातो. साताऱ्याजवळील वाई नगरपालिकेने घरोघरच्या सेप्टिक टँकचा उपसा तक्रारीची वाट न पाहता ठरलेल्या वेळापत्रकानुसार करण्याची पद्धत सुरू केली आणि त्या मैल्यावर स्वतंत्र केंद्रात प्रक्रिया होऊ लागली. लहान शहरालाही हे शक्य आहे, असे वाईने दाखवून दिले.

हात कोणाचे?

या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे आणि ती सर्वांत गंभीर आहे. पर्यटकाने टाळलेले काम अखेर कोणाच्या तरी हातात येते. तुंबलेली टाकी उघडणे, घट्ट बसलेला मैला काठीने सोडवणे, डबा धुणे ही कामे वाहनतळावरील सफाई कामगाराला चार पैसे देऊन करवून घेतली जाण्याची भीती आहे. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर 2013 च्या कायद्याने बंदी आहे. गटार आणि सेप्टिक टँकमध्ये मृत्यू पावणाऱ्या कामगारांच्या कुटुंबीयांना 30 लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये दिला. कॅराव्हॅनच्या टाकीत माणूस उतरत नाही, परंतु हातमोजे आणि योग्य जोडणीचा पाइप यांविना ती रिकामी करवून घेणे हे त्याच जुन्या प्रथेचे नवे रूप ठरेल. सुट्टीच्या आनंदाची किंमत अशा रीतीने वसूल होणे कोणत्याही पर्यटन धोरणाला शोभणारे नाही.

पुढची दिशा

उपाय खर्चिक नाहीत. शुद्धीकरण केंद्राच्या किंवा उपसा केंद्राच्या आवारात एक सिमेंटचा उतार, झाकण असलेले तोंड, धुण्यासाठी पाण्याचा नळ आणि नाममात्र शुल्क एवढ्यावर कॅराव्हॅनची सोय होऊ शकते. धुण्याचा नळ पिण्याच्या पाण्यापासून दूर असावा, इतकी दक्षता पुरेशी आहे. तंजावर महानगरपालिका, तिरुच्चिराप्पल्ली आणि कुंभकोणम या तीन ठिकाणी अशी केंद्रे असली, तरी चोळ मंदिरांच्या संपूर्ण मार्गाची गरज भागेल. भाड्याच्या करारात टाकीची क्षमता लिटरमध्ये लिहिलेली असावी आणि रिकामी करण्याच्या केंद्रांची यादी जोडलेली असावी. टाकी भरून परत करणाऱ्याला दंड करण्याऐवजी केंद्राची पावती दाखवणाऱ्याला अनामत पूर्ण परत मिळाली, तर आडवाटेला झडप उघडण्याचे कारणच उरणार नाही. धोरण आखणाऱ्या राज्यांनी नोंदणीच्या अटींत एवढे दोन मुद्दे घातले तरी मोठा फरक पडेल.

तंजावरच्या इतिहासात सरफोजीराजे दुसरे यांचे नाव ग्रंथालयासाठी घेतले जाते. शहरात तलाव आणि विहिरी बांधण्याचे तसेच सांडपाण्यासाठी भूमिगत गटारे करण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. वैभवाबरोबर सांडपाण्याचाही विचार करावा लागतो, याची जाण असलेल्या राज्यकर्त्याचे ते शहर आहे. तेथे जाणाऱ्या पर्यटकांच्या वाहनांसाठी तेवढाच विचार आता राज्य सरकारांनी, नगरपालिकांनी आणि वाहन भाड्याने देणाऱ्यांनी करावयाचा आहे. कॅराव्हॅनची संख्या अद्याप मर्यादित आहे, म्हणूनच ही व्यवस्था उभी करण्याची योग्य वेळ आज आहे. वाहने शेकड्यांनी धावू लागल्यावर तीच गोष्ट करण्यास अधिक पैसा लागेल आणि तोवर कालव्यांचे झालेले नुकसान भरून येणार नाही.