आधी सात प्रश्न, मग डंबेल

जानेवारीत जिममध्ये नाव नोंदवलं की वजन, उंची आणि वर्षाची फी, एवढ्यावर चौकशी संपते. चालताना छातीत दुखतं का, चक्कर येते का, रक्तदाबाची गोळी सुरू आहे का, हे क्वचितच कोणी विचारतं. कॅनडात 1970च्या दशकात तयार झालेल्या ‘पार-क्यू’ प्रश्नावलीत असे सातच प्रश्न होते. ती आपल्याकडे प्रत्येक जिमला सक्तीची करावी.

दमसास मोजायला महागडं यंत्र लागत नाही. अमेरिकी हवाई दलातले डॉ. केनेथ कूपर यांची 1968ची चाचणी म्हणजे 12 मिनिटांत किती अंतर कापलं, ते मोजणं. पण ती जवानांवर घडवलेली. वर्षानुवर्षं खुर्चीत बसलेल्या चाळिशीतल्या माणसाला पहिल्याच दिवशी तसं पळवणं हा शुद्ध अडाणीपणा! त्यानं भरभर चालावं. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतपत धाप लागली की वेग बरोबर.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सुचवते. तिथवर पोचायला दोन-तीन महिने लागले तरी बिघडत नाही. सुरुवातीला रोज 10 मिनिटं, वजनं हलकी, वाढ दर आठवड्याला थोडी. ‘महिन्यात सिक्स पॅक’च्या फलकाशेजारी हे वेळापत्रक कोणी लावत नाही, त्यावर पॅकेज खपत नाही ना.