‘ती काही करत नाही, घरीच असते’



२०२५ सालच्या आषाढात मी अक्काच्या गावी गेलो होतो. पाऊस उघडला होता, सोयाबीनला खुरपणी आली होती. सकाळी दहाच्या सुमारास दारात एक पोरगा आला. खांद्याला पिशवी, हातात पाटीएवढे यंत्र. म्हणाला, सरकारी पाहणी आहे, तुमचे घर निवडले गेले आहे, घरात कोण कोण काय काम करते ते लिहून घ्यायचे आहे. आमचे दाजी जुन्या वळणाचे. त्याला ओट्यावर घोंगडी टाकून दिली, चहा सांगितला आणि सांगायला बसले.

स्वतःचे सांगितले, शेती. थोरल्या मुलाचे सांगितले, शेती. धाकटा बी.ए. झाला, पुण्याला एका कारखान्यात होता, तिथले काम सुटले, आता घरी आला आहे. त्याचेही सांगितले, ‘शेतीच बघतो म्हणायचं.’ मग पोराने विचारले, ‘आणि काका, सूनबाई काय करतात?’

दाजी म्हणाले, ‘ती काही करत नाही, घरीच असते.’

मंडळी, ते हे बोलत असताना सूनबाई डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन फाटकातून आत येत होती. पहाटे दोन म्हशींच्या धारा काढून तिने दूध डेअरीला घातले होते. दुपारी ती खुरपणीला जाणार होती. दाजी काही खोटे बोलत नव्हते. आपल्याकडे बोलायची रीतच तशी आहे. पण हे उत्तर तसेच लिहिले गेले असते, तर ती सरकारच्या लेखी ना कामाची ठरली असती ना बेकार. ती मोजणीतूनच गळाली असती.

‘देशात बेकारी इतके टक्के’ असे आपण वर्तमानपत्रात वाचतो, रेडिओवर ऐकतो. तो आकडा अशाच ओट्यांवरून गोळा होतो. तेव्हा तो कसा निघतो ते आज बघू.

पुष्कळांना वाटते की शंभर माणसांत जितकी रिकामी, तितके टक्के बेकारी. तसे नाही. जो काम करत नाही, पण काम शोधतो आहे किंवा मिळाले तर करायला तयार आहे, तोच बेकार. शाळेतली पोरे, थकलेली म्हातारी माणसे, फक्त घरकाम करणाऱ्या बाया हे मोजणीच्या बाहेर. काम करणारे आणि काम शोधणारे एकत्र धरायचे आणि त्यात शोधणारे किती, ते काढायचे.

एक गाव धरा. तिथे चारशे माणसे कामाला आहेत आणि वीस जण काम शोधताहेत. म्हणजे चारशे वीसात वीस, बेकारी पावणेपाच टक्के. आता त्या वीसांतले दहा जण हेलपाटे घालून कंटाळले, म्हणाले काही मिळत नाही, आणि शोधायचेच सोडून घरी बसले. मग चारशे दहात दहा उरले. बेकारी अडीच टक्क्यांच्याही आत आली! गावात एकालाही काम मिळाले नाही, पण आकडा मात्र निम्म्यावर उतरला. म्हणून नुसती बेकारी उतरली हे ऐकून हुरळून जाऊ नये. कामाला किती माणसे उभी आहेत, तोही आकडा शेजारी धरून वाचावा.

दुसरी भानगड काळाची. नोकरदाराला ‘तू कामाला आहेस का’ विचारले की हो किंवा नाही, प्रश्न मिटला. आपले तसे नाही. पेरणीला माणूस मिळत नाही आणि चैत्र-वैशाखात मजुराला काम मिळत नाही. मग त्याला बेकार म्हणायचे की कामकरी? हा घोळ सोडवायला सरकारने प्राध्यापक दांतवाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली होती. तिने १९७० साली अहवाल दिला. आपल्या देशात बेकारीचा एकच एक आकडा काढून भागणार नाही, हे तिचे म्हणणे. त्यातून पुढे तीन मापे आली.

पहिले माप वर्षाचे. गेल्या ३६५ दिवसांतला जास्त काळ माणसाने कशात घालवला? शिवाय वर्षातून तीस दिवस जरी जोडकाम केले असेल, तरी त्याची गणना कामकऱ्यांत. दुसरे माप आठवड्याचे. गेल्या सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तासभर जरी काम केले, तरी तो कामाला होता असे धरतात. एक तास! हे ऐकून दाजी मोठ्याने हसले होते. तिसरे माप रोजाचे. प्रत्येक दिवस वेगळा मोजायचा. चार तास किंवा जास्त काम म्हणजे पूर्ण दिवस, एक तासाच्या वर पण चारच्या आत म्हणजे अर्धा दिवस.

आता आठवड्यातून दोनच दिवस मजुरी मिळालेला माणूस घ्या. वर्षाच्या मापात तो कामकरी, आठवड्याच्या मापातही कामकरी. फक्त रोजाच्या मापात त्याचे पाच रिकामे दिवस दिसतात. आपल्या खेड्यातली खरी बेकारी या तिसऱ्या मापात सापडते असे मला वाटते. मथळ्यांत मात्र बहुधा पहिली दोनच मापे येतात.

या नव्या मापांनी देशभर पहिली मोठी पाहणी झाली ती १९७२-७३ साली. जुन्या माणसांना ते साल विसरता येणार नाही. महाराष्ट्रात तोच दुष्काळ होता. खडी फोडायला, पाझर तलावावर, नालाबंडिंगवर माणसे लोटली होती. १९७३ च्या मे महिन्यात दुष्काळी कामांवरची हजेरी पन्नास लाखांच्या घरात गेली होती. तेव्हा बेकारी मोजायला पाहणीची गरजच उरली नव्हती, हजेरीपटच सांगत होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी याच काळात राज्यभर उभी राहिली. तिचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. शहरातल्या कमावत्यांकडून व्यवसाय कर घ्यायचा आणि त्यात सरकारने भर घालून खेड्यातल्या हातांना काम द्यायचे, अशी ती रचना होती. पुढे २००५ साली संसदेने देशासाठी कायदा केला, त्याच्या मागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. मागेल त्याला काम असले की किती जण मागतात हे आपोआप मोजले जाते. अडचण एवढीच, की जिथे मागणीचा अर्जच घेतला जात नाही तिथे मोजणीही होत नाही.

आता बायकांच्या मोजणीचे सांगतो. १९६१ च्या जनगणनेत देशात काम करणाऱ्या स्त्रिया सहा कोटींच्या जवळ भरल्या होत्या. १९७१ ला त्या सव्वातीन कोटींच्याही आत आल्या. दहा वर्षांत जवळजवळ निम्म्या बाया शेतातून घरी जाऊन बसल्या की काय? तसे काही मोठ्या प्रमाणावर झाले नव्हते. प्रश्न बदलला होता. १९७१ ला ‘मुख्य काम कोणते’ असे आधी विचारले, आणि घराघरातून उत्तर आले, घरकाम. तिची खुरपणी, कापणी, शेणगोठा सगळे त्या एका शब्दाखाली गेले. पुढच्या, १९८१ च्या जनगणनेत मग १८३ दिवसांहून कमी काम करणाऱ्यांसाठी वेगळा रकाना ठेवावा लागला.

आजच्या पाहणीत घरच्या शेतीत किंवा गोठ्यात बिनपगारी राबणाऱ्या माणसाला ‘घरच्या व्यवसायातला मदतनीस’ म्हणून कामकऱ्यांत धरतात. म्हैस घरच्या दुधापुरती राखली तरी ते काम धरतात. पण घरच्या ज्वारीचे दळण-कांडण, स्वयंपाक, पाणी भरणे हे धरत नाहीत. सरपण आणि रानभाजी गोळा करणारीला घरकामवालीचाच एक वेगळा क्रमांक आहे, कामकरणीचा नाही. हा नियम कुणी घातला असेल तो असो, त्याने कधी सरपणाची मोळी उचललेली दिसत नाही.

२०१७-१८ पासून या पाहण्या दरवर्षी होऊ लागल्या. त्या वर्षी देशातली बेकारी वर्षाच्या मापाने ६.१ टक्के निघाली होती. २०२३-२४ ला ती ३.२ टक्के झाली. त्याच काळात पंधरा वर्षांवरच्या खेड्यातल्या बायकांपैकी कामात असलेल्या किंवा काम शोधणाऱ्या २४.६ टक्क्यांवरून ४७.६ टक्क्यांवर गेल्या, जवळजवळ दुप्पट. काही जण म्हणतात, बायकांना काम मिळाले. काही म्हणतात, आधी न दिसणारे काम आता नीट लिहिले जाऊ लागले. आणखी काही म्हणतात, घरचे भागेना म्हणून त्या राबू लागल्या. मला वाटते तिन्हींत थोडेथोडे खरे आहे. पण यातल्या पुष्कळजणी घरच्याच शेतात बिनमजुरीच्या मदतनीस आहेत, हे विसरून चालणार नाही.

तसेच करोनाच्या साथीचे. २०१९-२० ला बेकारी ४.८ टक्के होती. जुलै २०२० ते जून २०२१ हे साथीचे वर्ष, शहरांतून माणसे गाठोडी घेऊन गावाकडे आली, आणि बेकारी वाढायच्या ऐवजी ४.२ टक्क्यांवर उतरली! कारण गावी आलेला पोरगा बापाच्या तीन एकरांत चौथा माणूस म्हणून उभा राहिला, आणि कागदावर कामकरी झाला. देशात शेतीवर असलेल्यांचा वाटा २०१८-१९ ला ४२.५ टक्के होता, २०२०-२१ ला तो ४६.५ झाला. तिघांचे काम चौघांनी वाटून घ्यायचे, याला जुने अर्थशास्त्री छुपी बेकारी म्हणत. आपली शेती ती पोटात घेते आणि वर काही दिसू देत नाही.

म्हणून राज्याराज्यांची तुलनाही जपून करावी. २०२३-२४ ला गोव्यात बेकारी ८.५ टक्के, केरळात ७.२, आणि मध्य प्रदेशात फक्त १ टक्का. मग गोवेकर आपली पोरे मध्य प्रदेशात कामाला धाडतात का? नाही. शिकलेला पोरगा मनाजोगी नोकरी मिळेपर्यंत थांबतो, आणि त्याला थांबवून धरायला घरात चार पैसे असतात. देशभर बघितले तर माध्यमिक किंवा त्यापुढे शिकलेल्यांत बेकारी साडेसहा टक्के, तर निरक्षरांत अर्धा टक्काही नाही. ज्याच्या घरी संध्याकाळचे पीठ नाही त्याला बेकार राहणे परवडतच नाही. मिळेल ते, मिळेल त्या मजुरीला तो करतो आणि कामकऱ्यांत मोजला जातो. त्या कामात त्याचे भागते का, हे बेकारीचा आकडा सांगत नाही.

जानेवारी २०२५ पासून ही पाहणी बदलली आहे. आता घरे जास्त घेतात, वर्षाला पावणेतीन लाखांच्या आसपास, आणि आठवड्याच्या मापाने दर महिन्याचा आकडा निघतो. पहिला निघाला एप्रिल २०२५ चा. खेड्यात ४.५ टक्के, मे महिन्यात ५.१. रब्बी उरकली की हात रिकामे होतात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको, पण आता ते देशाच्या कागदावर महिन्याच्या महिन्याला उमटते आहे. तेव्हा एका महिन्याचा आकडा मागच्या महिन्याशी ताडून घाबरू नका. वैशाखाशी वैशाख आणि सुगीशी सुगी ताडावी.

तुमच्या दारी असा पाहणीवाला आला तर त्याला टाळू नका. निवडलेले एक घर हजारो घरांच्या वतीने बोलत असते. तुम्ही सांगितलेले नावानिशी कुठे छापत नाहीत. शक्यतो ज्याचे त्याला सांगू द्या, बायकांना बाहेर बोलवा. मजुरीला गेलात ते दिवस आठवून सांगा. पोरगा नोकरी शोधत असेल तर ‘शेती बघतो’ म्हणून लाजेखातर झाकू नका, दोन्ही सांगा.

अक्काच्या ओट्यावरचा तो पोरगा हुशार निघाला. दाजींचे उत्तर त्याने लगेच लिहिले नाही. विचारले, ‘काका, म्हशींचं कोण बघतं? दूध डेअरीला कोण नेतं?’ दाजी जरा थांबले आणि म्हणाले, ‘तीच की.’ ‘आणि खुरपणीला?’ ‘तीच जाते, दुसरं कोण जाणार?’ मग त्याने सूनबाईलाच हाक मारली, ‘वहिनी, जरा येता का?’ तिने भारा गोठ्यात टाकला, पदराने तोंड पुसले आणि दाराच्या आड उभी राहून मागच्या सात दिवसांचा एकेक दिवस सांगितला. सोमवारी पाऊस होता म्हणून शेतात गेली नाही, पण धारा सोमवारीही होत्याच. धाकट्यालाही त्याने वेगळे विचारले. तो खाली बघत म्हणाला, ‘तीन ठिकाणी अर्ज दिलेत.’ दाजींना तीन अर्जांचे ठाऊक नव्हते.

निवडलेल्या घरी आता लागोपाठ चार महिने येतात. उठताना पोराने सांगितले, पुढच्या महिन्यात परत येईन. सूनबाई आतून म्हणाली, ‘सकाळी आठच्या आत या, नाहीतर मी रानात असते.’