दर बांधण्याआधी सिव्हिल भरा

12 मार्च 2017 च्या रात्री धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात डोक्याला मार लागलेला एक रुग्ण आणला गेला. न्यूरोसर्जन तिथे नव्हता. रुग्णाला दुसरीकडे न्यावे लागेल, असे अस्थिरोग विभागातल्या निवासी डॉक्टरने नातलगांना सांगितले, आणि जमावाने त्या तरुण डॉक्टरला इतके मारले की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. उच्च न्यायालयाला मध्ये पडावे लागले. सरकारने रुग्णालयांना सशस्त्र रक्षक देण्याचे कबूल केले. चर्चा सगळी रक्षकांची झाली. न्यूरोसर्जन का नव्हता, याची फारशी झालीच नाही.

खरे तर तोच मूळ प्रश्न होता. मुंबई-आग्रा आणि नागपूर-सुरत हे दोन महामार्ग धुळ्याला एकमेकांना छेदतात. अपघातात डोके फुटलेला माणूस या गावाला नवा नाही. त्याला नाशिकला किंवा सुरतेला हलवायचे, तर वाटेत जाणारे तास त्याच्या जिवावर बेततात आणि रुग्णवाहिकेपासून डिपॉझिटपर्यंतचा खर्च घराला खड्ड्यात घालतो. मारहाणीचे समर्थन कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही. 2010 पासून राज्यात डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे आणि तो कठोरपणे वापरलाच पाहिजे. पण ज्याच्या हातात काहीच नव्हते, त्या डॉक्टरवर राग निघाला आणि ज्यांच्या हातात होते ते समोर नव्हते, हेही तितकेच खरे.

तीन वर्षांनी जळगावात याहून भयंकर घडले. जून 2020 मध्ये कोरोनाची बाधा झालेल्या 82 वर्षांच्या एक आजी सिव्हिलमधून, म्हणजे तिथल्या शासकीय रुग्णालयातून, बेपत्ता झाल्या. आठ दिवसांनी त्यांचा मृतदेह त्याच रुग्णालयाच्या शौचालयात सापडला. आठ दिवस कुणी तो दरवाजा उघडून पाहिला नाही. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. तरीही निलंबनाने वॉर्डातली सफाई कामगारांची आणि परिचारिकांची संख्या वाढत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात 24 मृत्यू झाले, तेव्हा एका खासदाराने तिथल्या अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले. लोकांना क्षणभर बरे वाटले असेल. पण पदभरतीचा निर्णय मंत्रालयात होतो. औषधखरेदी 2017 मध्ये हाफकिन महामंडळाकडे गेली आणि 2023 मध्ये त्यासाठी वेगळे प्राधिकरण नेमण्याचा कायदा झाला. यातले काहीच अधिष्ठात्यांच्या टेबलावर ठरले नव्हते. राज्याची सत्ता वरून खाली सहज चालते. खालून वर मात्र साधी चिठ्ठीही जात नाही.

या पार्श्वभूमीवर खान्देशात एक मागणी सारखी ऐकू येते: सरकारने खाजगी दवाखान्यांचे दर बांधून द्यावेत. जळगाव-धुळ्यात बायपास किंवा मोठ्या अपघाताचे बिल भरताना सोने मोडणारी, कापसाच्या पैशावर उचल घेणारी कुटुंबे पाहिली की ही मागणी रास्तच वाटते. ती अशक्य आहे असेही नाही. मे 2020 मध्ये राज्य सरकारने साथरोग कायद्याच्या आधारे खाजगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटा नियंत्रणाखाली आणल्या आणि साध्या वॉर्डसाठी दिवसाला 4,000, अतिदक्षता विभागासाठी 7,500 आणि व्हेंटिलेटरसह 9,000 रुपये असे दर ठरवले. त्याआधी, फेब्रुवारी 2017 मध्ये, केंद्राने हृदयाच्या स्टेंटची किंमत बांधली आणि औषधयुक्त स्टेंट तीस हजारांच्या आत आला. सरकारने ठरवले तर होते, याचे हे दोन दाखले.

दुसरी बाजूही नीट ऐकली पाहिजे. 2020 च्या आदेशात पीपीई किट, महागडी औषधे आणि तपासण्या दराबाहेर होत्या, आणि बिले तिथेच फुगली. एक बाजू दाबली की दुसरी वर येते, हा प्रत्येक दरबंदीचा अनुभव आहे. शिवाय चोपड्याला किंवा शिरपूरला पंधरा-वीस खाटांचा दवाखाना चालवणारा डॉक्टर मोठ्या साखळी रुग्णालयासारखा नसतो. त्याच्यावर बँकेचे कर्ज असते, भूलतज्ज्ञ दुसऱ्या गावाहून येतो, आणि सरकारी योजनेतून केलेल्या शस्त्रक्रियेचे पैसे महिनोन्महिने थकल्याची तक्रार तो करतो. त्याला एकाच दराच्या चौकटीत कोंबले तर तो दवाखाना बंद करील किंवा अवघड रुग्ण घेणेच सोडील. सातपुड्याच्या पायथ्याशी यावल-रावेरला हे झाले, तर नुकसान कुणाचे? राजस्थानात 2023 मध्ये आरोग्य हक्क कायदा झाला, तेव्हा डॉक्टर रस्त्यावर उतरले. सरकारने त्यांच्याशी तडजोड केल्यावरच संप मिटला. त्यांची भीती सगळीच स्वार्थाची नव्हती.

मला सर्वांत मोठी अडचण वेगळीच दिसते. जानेवारी 2021 मध्ये महाराष्ट्राने शुश्रूषागृह नोंदणीचे नियम बदलले. दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले, बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवण्यास मनाई झाली, तक्रार निवारण कक्षाची तरतूद झाली. नियम चांगले आहेत. पण ते पाळले जातात की नाही हे पाहायचे कुणी? ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सकांनी आणि शहरात महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी, म्हणजे ज्यांना स्वतःची रुग्णालये चालवताना माणसे पुरत नाहीत त्यांनीच. त्यांच्या हाती दर ठरवण्याचा आणखी एक अधिकार दिला, तर तो धूळ खात पडेल किंवा हप्त्याचे साधन बनेल. डॉक्टरांना ही भीती वाटते. ती निराधार म्हणता येत नाही.

म्हणून माझा कौल असा: दरपत्रकाच्या सक्तीची अंमलबजावणी आणि बिलाची तपासणी आजच हवी, पण ती रुग्णालये न चालवणाऱ्या जिल्हा पातळीवरच्या स्वतंत्र मंडळाकडे, ज्यात डॉक्टर आणि रुग्णांचे प्रतिनिधी दोन्ही असतील. सरसकट दरबंदीला मात्र मी आज पाठिंबा देणार नाही. खाजगीचा दर शेवटी शेजारच्या सिव्हिलवर ठरतो. तिथे न्यूरोसर्जन असेल, सीटी स्कॅन रात्री चालू असेल, तर खाजगीवाल्याला बिल लावताना विचार करावा लागतो. ते नसेल तर नातलगांना घासाघीस करायला जागाच उरत नाही.

योजनांबद्दलही सरळ बोलले पाहिजे. राजीव गांधी जीवनदायी योजना 2 जुलै 2012 ला ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळे होता. आज महात्मा फुले जनआरोग्य योजना या नावाने ती पाच लाखांपर्यंत आणि सर्व रेशनकार्डधारकांपर्यंत पोचली आहे. रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाच्या, म्हणजे आरोग्यमित्राच्या, टेबलावर अनेकांचा जीव वाचला, हे नाकारणे अन्याय ठरेल. पण ती योजना दाखल रुग्णाची आहे; मधुमेहाच्या गोळ्यांचा दर महिन्याचा खर्च तिच्यात बसत नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून सरकारी उपचार मोफत झाले तेही सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत. वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये त्या निर्णयात नव्हती, आणि जळगावचे सिव्हिल तर 2018 मध्ये सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे गेलेले. कोणत्या खात्याच्या दारात आपण उभे आहोत, हे केसपेपर काढणाऱ्या माणसाने कसे ओळखायचे? दोन खात्यांची ही सीमा रुग्णासाठी तरी पुसली पाहिजे.

सुरुवात छोटी करता येईल. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांच्या शासकीय रुग्णालयांतली मंजूर पदे, भरलेली पदे आणि रिक्त पदे दर महिन्याला दर्शनी फलकावर लावावीत, खाजगीला दरपत्रक लावायला सांगतो तशीच. कोणते पद किती दिवसांपासून रिकामे आहे आणि ते भरण्याचा अधिकार कोणत्या कार्यालयाचा आहे, हे त्या कार्यालयाच्या दूरध्वनी क्रमांकासह लिहावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. पालकमंत्र्यांनी जिल्हा नियोजन समितीच्या येत्या बैठकीत मनावर घेतले तरी पुरे.