पाणंद आणि बाग

पुण्यांत बागा किती आहेत असा प्रश्न नगराच्या कोणत्याही कारभाऱ्यास केला असतां उत्तर तत्काळ मिळतें: दोनशेंहून अधिक! उत्तर खोटें नाहीं, व तें देतांना सांगणाऱ्याच्या मुद्रेवर जें समाधान उमटतें तेंही खोटें नसावें. परंतु त्याच गृहस्थांस पुढचा प्रश्न करून पाहावा. या दोनशें बागांपैकीं एका बागेंतून निघून, मोटारींच्या गर्दींत जीव धोक्यांत न घालतां, झाडांच्या सावलींतून पायीं दुसऱ्या बागेंत पोंचतां येईल काय? येथें मात्र कारभारी गप्प होतात. कारण हा प्रश्न त्यांना पूर्वीं कोणी केलेलाच नसतो. बागेला फाटक असतें, फाटकाला कुलूप असतें आणि कुलपाला वेळापत्रक असतें. बाग म्हणजे राखून ठेविलेली जागा. वाट ही निराळी वस्तु आहे. आमच्या शहरांत बागा वाढत असतां वाटा मरत आहेत, हें माझें गाऱ्हाणें आहे.

‘हरित मार्ग’ हा शब्द अलीकडे नगररचनाकारांच्या तोंडीं फार ऐकूं येतो. ऐकणारास वाटावें कीं ही समुद्रापलीकडून नुकतीच उतरलेली टूम आहे. वस्तुतः आमच्या खेड्यांना ती वस्तु ठाऊक होती आणि तिला साधें मराठी नांवही होतें. ज्यानें खेड्यांत बाळपण काढलें त्यास पाणंद म्हणजे काय हें सांगावयास नको; शहरांत जन्मलेल्या वाचकांसाठीं सांगतों. दोन शेतांच्या मधून, दोहों बाजूंस निवडुंग, बाभळी, बोरी यांचें कुंपण घेऊन जाणारी अरुंद वाट ती पाणंद. तिच्यांतून सकाळीं गुरें जात, मागून बैलगाडी जाई, पोरें शाळेंत जात; कुंपणांत होले घरटीं करीत आणि मुंगूस एका शिवारांतून दुसऱ्या शिवारांत दिवसाढवळ्या निघून जाई. ती कोणा एकाची नव्हती, म्हणून ती अडविण्याचा अधिकारही कोणास नव्हता. कोणी अडविलीच, तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्यान्वयें मामलेदार तो अडथळा काढवून घेऊं शके. शेताच्या वाटेपुरता हा हक्क कायद्यानें आजही मानलेला आहे.

मग तें खेडें शहरांत येतें. १९९७ च्या हद्दवाढींतून शेवटीं टिकलेलीं तेवीस गांवें, २०१७ सालचीं अकरा, २०२१ सालचीं आणखी तेवीस, अशीं गांवेंच्या गांवें पुण्याच्या हद्दींत घेतलीं गेलीं. शेत बिनशेती झालें, त्यावर इमारत उभी राहिली, इमारतीभोंवतीं भिंत आली आणि पाणंद त्या भिंतीखालीं गेली. नशीब बलवत्तर असेल तेथें तिच्यावर डांबर पडलें. शेतकऱ्याच्या बैलाला जो वाटेचा हक्क होता तो नागरिकाच्या पायांना उरला नाहीं! आणि मग त्याच वसाहतींत, उरलेल्या तुकड्यावर, कारंजें व रंगीत दिवे बसवून एका बागेचें उद्‌घाटन होतें.

तुकडा आणि सलग पट्टा यांत नुसता शोभेचा फरक नाहीं. मॅकआर्थर व विल्सन या दोघां शास्त्रज्ञांनीं १९६७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत बेटांवरील जीवसृष्टीचा विचार करून असें मांडलें कीं, बेट जितकें लहान आणि इतर भूमीपासून जितकें दूर, तितक्या त्यावरील प्राण्यांच्या व वनस्पतींच्या जाति कमी. शहरांतील बाग हें असेंच बेट आहे. भोंवतीं पाण्याऐवजीं डांबर आहे इतकेंच. आमच्या टेकड्याही झपाट्यानें बेटें होत आहेत. ज्या फर्ग्युसन महाविद्यालयामागील टेकडीवर १२ जून १९०५ रोजीं गोखल्यांनीं भारत सेवक समाजाची स्थापना केली, ती टेकडी आणि वेताळ टेकडी यांचा पसारा अजून बराचसा एकसंध आहे, म्हणून तेथें मोर नांदतो. त्याच पसाऱ्यावरून बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत सुमारें दोन किलोमीटरांचा रस्ता काढण्याचा बेत अनेक दशकें चालला आहे, आणि २०२३ च्या एप्रिलांत हजारों नागरिक त्याविरुद्ध पायीं चालत निघाले. समाविष्ट गांवांतील टेकड्यांवर सुमारें ९७८ हेक्टर जमीन जैवविविधता उद्यानासाठीं राखण्यास राज्य शासनानें २०१५ सालीं मान्यता दिली. परंतु त्यांतील पुष्कळ जमीन खाजगी मालकीची, मोबदल्याचा तंटा जुना, आणि मालकांची तक्रार सर्वस्वी निराधार आहे असें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं.

पण जेथें मालकीचा तंटाच नाहीं अशी एक जागा पुण्याच्या मधोमध पडलेली आहे, आणि तिच्याविषयीं आतांच बोललें पाहिजे. मुठेचा उजवा कालवा खडकवासल्याहून निघून पर्वतीच्या पायथ्यानें, स्वारगेटावरून, एम्प्रेस बागेजवळून हडपसराकडे जातो. सव्वाशेंहून अधिक वर्षें पाझरणाऱ्या पाण्यावर त्याच्या कांठीं वड, उंबर, पिंपळ वाढले. आतां हें पाणी खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत बोगद्यांतून नेण्याची योजना शासनानें स्वीकारली आहे. गळती, बाष्पीभवन आणि चोरी हीं कारणें खरीं आहेत. बोगद्यास माझा विरोध नाहीं. प्रश्न वर उरणाऱ्या जमिनीचा आहे. ती सरकारी आहे, ती सलग आहे, आणि शहराच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत ती जाते. अशी पट्टी लाखों रुपये ओतूनही आज कोणास नव्यानें निर्माण करतां येणार नाहीं. आणि या पट्टीकडे पाहून आमच्या पुढाऱ्यांस पहिलें काय सुचावें? रस्ता!

हें पूर्वीं एकदां झालेलें आहे. मुठेला डावा कालवाही होता. शहराच्या पश्चिम भागांत ‘कॅनॉल रोड’ या पाटीपलीकडे त्याची आज फारशी खूण राहिली नाहीं. वर्गांत एकदां मीं सहज विचारलें कीं या रस्त्यास हें नांव कां पडलें असावें. एका हुशार विद्यार्थ्यानें उत्तर दिलें कीं कॅनॉल नांवाचा कोणी इंग्रज साहेब असेल. वर्ग हंसला, मला मात्र हंसूं आलें नाहीं.

रस्तेवाले म्हणतील कीं वाहतूक तुंबली आहे, वाट करून दिलीच पाहिजे. गेल्या तीस वर्षांत या शहरानें पूल बांधले, पुलांवर पूल बांधले, कांहीं पाडून पुन्हां बांधले. तुंबणें कमी झाल्याचा अनुभव कोणा वाचकास असल्यास त्यानें अवश्य कळवावें. रुंद केलेला रस्ता नवीं वाहनें बोलावतो हें आतां शास्त्रांतही रूढ झालें आहे. सिंगापूर हें कांहीं वैराग्यांचें गांव नव्हे. तेथें जमिनीची टंचाई आमच्याहून मोठी. २०११ च्या मध्यास तेथील जुनी मलायी रेल्वे बंद झाली व सुमारें २४ किलोमीटरांची पट्टी मोकळी झाली. तेथील लोकांनीं ती तुकडे पाडून विकली नाहीं कीं तिचा राजमार्ग केला नाहीं; सलग हिरवी पायवाट म्हणून राखली. आणि परदेशाचा दाखला नको असेल, तर १९१९ सालीं मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचें पहिलें अध्यापकपद ज्यांना मिळालें त्या पॅट्रिक गेडीस यांचा घ्यावा; ते परके असले तरी त्यांनीं आमचीं शहरें आमच्या कारभाऱ्यांपेक्षां अधिक पायांखालीं घातलीं होतीं. आधीं गांव चालून पाहावें, मग नकाशा काढावा, आणि जुन्या वस्तीच्या छातीवरून रुंद रस्त्याची पट्टी ओढूं नये, हा त्यांचा आग्रह होता.

दुसरा आक्षेप अधिक बोंचरा आहे. पायवाटा, टेकड्या, पक्षी हें सारें सुखवस्तु मंडळींचें चोचलें आहे असें कित्येक म्हणतात, आणि यांत आमच्या वर्गाचा दोष पुष्कळ आहे. टेकडीच्या पायथ्याशीं पहांटे मोटारींची जी रांग लागते ती कोणाची? अर्धा कोस चालण्यासाठीं दोन कोस मोटार हांकणारे आम्हीच! पण या शहरांत खरोखर चालतें कोण? धुणीभांडीं करण्यास चार घरीं जाणाऱ्या बायका, बांधकामावरील मजूर, पालिकेच्या शाळेंतील मुलें. त्यांना चालणें हा व्यायाम नाहीं, प्रवास आहे. आणि तो आज ते मोटारींच्या धुरांतून, तुटक्या पदपथावरून करतात. बाग त्यांच्या कामाची नाहीं, कारण तिला कोठें जावयाचें नसतें. पर्वतीपासून हडपसरापर्यंत सावलीची सलग वाट झाली तर पहिला लाभ त्यांचा.

त्यांच्यापैकीं अनेकजण कालव्याच्या कांठींच राहतात. २७ सप्टेंबर २०१८ रोजीं पर्वतीच्या पायथ्याशीं कालव्याची भिंत फुटली तेव्हां शेंकडों घरांत पाणी शिरलें. चूल, अंथरूण, मुलांचीं दप्तरें सगळें वाहून गेलें. हरित मार्गाच्या नांवाखालीं याच लोकांस उठवून लांब नेऊन टाकण्याचा घाट कोणी घातला, तर त्या मार्गावर पाऊल ठेवण्याची मला लाज वाटेल. वाट त्यांच्या दारावरून जावी, दार मोडून जाऊं नये. वाकडी झाली तरी चालेल, पाणंद कधीं सरळ नव्हतीच.

झाडांची गोष्ट राहिली. पाणी बोगद्यांत गेलें कीं पाझर थांबेल व ज्या वडाउंबरांच्या जिवावर ही वाट हिरवी म्हणावयाची ते कांहीं वर्षांत वाळूं लागतील. मग ‘धोकादायक वृक्ष’ अशी नोटीस लागेल, आणि करवत तर तयारच असते. म्हणून शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा एक बारीक प्रवाह जुन्या पात्रांतून सोडणें भाग आहे. तें पाणी आज कोणास फारसें नकोच असतें.

हें सारें बोगदा पुरा होण्यापूर्वीं ठरलें पाहिजे. पाणी वळलें कीं दुसऱ्या दिवशीं पत्र्याचें कुंपण येईल, तिसऱ्या दिवशीं निविदा निघेल, आणि नागरिक जागे होऊन सभा भरवितील तेव्हां खडी पडलेली असेल. खर्चाची तरतूद, दिवे, बांक यांची आज गरज नाहीं. गरज आहे ती विकास आराखड्यांतील एका नोंदीची: या पट्टीवर वाहन चालणार नाहीं, तिचे तुकडे पडणार नाहींत, तिला फाटक लागणार नाहीं. आराखड्यावर हरकती मागविल्या जातात तेव्हां त्या पाठविण्यास मुदत असते, आणि अर्ज साध्या कागदावर चालतो.